सुरमईचा त्याग

नववीच्या धर्मशिक्षणाच्या तासाला फादरांनी फळ्यावर लिहिलं: ‘ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालतील.’ ट्रॉलरवाल्याची जेनिशा उभी राहिली. “फादर, मटण आमच्यात नाताळाक. शुक्रवारी तां सोडून सुरमई खाल्ली, तर त्याग कोणी केल्यान? सुरमईन?” वर्ग खिदळला. फादर हसले नाहीत. “मग तूच सांग.” “चाळीस दीस मी मासोच सोडतंय. तुमी पण सोडा.” फादरांनी खडू ठेवला. “माझी चैन होईल. मी जालन्याचा. माशाच्या वासानं मळमळतं. सहा वर्षं तुमच्या घरी प्रेमानं वाढतात, म्हणून खातो. माझा उपवास तोच.” जेनिशाला स्वतःचा शब्द पाळायचा होता, फादरांची तपश्चर्याही मोडायची नव्हती. शुक्रवारी तिनं त्यांच्या टेबलावर डबा ठेवला. “माझ्या वाट्याचो बांगडो. ईस्टरपर्यंत आणतलंय.” फादरांनी आधी खिडकी उघडली, मग डबा. क्रूसाची खूण जरा सावकाशच केली.