सरलाच्या नावाची कॉलर

निशिगंधा मॅडमनी शर्टाची कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि खूश होऊन विचारलं, "ही कुणी शिवली?"

"मी, सरला," यमुना पटकन उठून म्हणाली आणि तिने जीभ चावली. आज तरी खरं नाव सांगायचं होतं. मॅडम कपड्यांच्या कारखान्यातून आल्या होत्या आणि पक्की नोकरी एकच होती.

चूक तिची नव्हतीच म्हणा. पोलोग्राउंडच्या या शिलाई केंद्राची रीतच तशी. सरकारी पैसे डोकी मोजून यायचे, म्हणून एखादी शिकणारी सोडून गेली की जयेशसर तिच्या नावावर दुसरीला बसवायचे. फुकट शिकायला मिळतंय म्हणून यमुना आधी सुरभी झाली, मग शमिका, मग सरला. "तुमचं नाव मी सांभाळून ठेवलंय, जीजी," असं सर दरवेळी म्हणायचे. असा सांभाळणारा माणूस मिळायलाही नशीब लागतं!

"मॅडमजी, मी सरला नाही," यमुना धीर करून बोलली. "ती सोडून गेली, तिची कुर्सी खाली पडली, म्हणून मला बसवलं. मी यमुना आहे. सांवेरची."

"तुमचं आपसातलं मला नका सांगू," मॅडम वैतागल्या. "सर्टिफिकेट ज्या नावाचं, त्याच नावाला नोकरी. आमच्या ऑफिसला तेच लागतं. यमुना नावाने कुणी कोर्स केलाय का?"

"केलाय ना, मॅडम! सकाळच्या बॅचला," जयेशसर हसत म्हणाले. "यमुना, खड़ी हो जाओ."

मागच्या रांगेतून एक बाई उठली. यमुनाने तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"हाजिर," ती म्हणाली. मग कुणी न विचारताच, "गाव सांवेर. वडिलांचं नाव रामभाऊ."

यमुनाच्या अंगावर सरसरून काटा आला. आपल्या वडिलांचं नाव ही बाई किती सवयीने घेते आहे!

"ठीक. सोमवारपासून या," मॅडम त्या बाईला म्हणाल्या आणि कॉलर टेबलावर टाकून निघून गेल्या.

यमुना तरातरा मागे गेली. चांगली खरडपट्टी काढायची, असंच तिच्या मनात होतं. पण ती जवळ जाताच त्या बाईने तिचा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती.

"दीदी, तुम्ही पुष्कळ नावांवर बसल्यात ना," ती कुजबुजली. "त्यात माझं होतं का हो? मला आता याद नाही येत."