सोमवारची दोरी

थर्लोबाईंच्या गवताने शाकारलेल्या घराचं चित्र दोनशे वर्षांपूर्वी एका थोर चित्रकाराने काढलं, आणि तेव्हापासून सफकमधल्या त्या घरापुढे हौशी चित्रकारांची रीघ लागलेली. क्रिस्पिनमास्तर आपला वर्ग घेऊन यायचे ते नेमके सोमवारी. आणि सोमवार म्हणजे बाईंचा, आईपासून चालत आलेला, धुण्याचा वार.

"बाई, दोरीवरचे तेवढे कपडे काढता का? त्या थोर माणसाला दिसलं, अगदी तस्संच दिसायला हवं हो!"

"त्या थोर माणसाचे कपडे कोण धूत होतं कुणास ठाऊक," असं पुटपुटत बाई ओली धुणी आत नेऊन खुर्च्यांवर पसरायच्या.

यंदा ते मूळ चित्र, वरचा काळपट थर काढून लख्ख केलेलं, इप्सविचच्या प्रदर्शनात आलं. मास्तरांनी बाईंना मानाने सगळ्यांच्या पुढे उभं केलं. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मास्तर उगाच खाकरत राहिले.

पुढच्या सोमवारी वर्ग आला, तेव्हा बाई चिमट्यांची टोपली घेऊन अंगणात तयारच होत्या.

 

"मास्तर, आमच्या ह्यांची चड्डी चित्रातल्यासारखी दोरीच्या मधोमधच वाळत घालते हं!"