फाटकाजवळची खुर्ची

आमच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन महिना झाला होता. रविवारी सकाळी आमच्या कॉलनीच्या बैठकीत ठराव आला की अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी रात्री नऊच्या आत घरी यायचं. मी कडाडून विरोध केला. कॉलेजात असताना मला संध्याकाळी सातची वेळ होती, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी अण्णा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेले असायचे. माझा धाकटा भाऊ संघपाल मात्र रात्री बारापर्यंत गुलमंडीच्या बाजारात हुंदडायचा आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही. त्याचा हेवा मला चाळिशीतही सोडत नाही.

ठरावाच्या बाजूनं पहिला हात संघपालनंच वर केला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "शहाणाच आहेस. स्वतः मजा मारली आणि आता पोरांना डांबतोस."

"व्हय ताई, लई मजा मारली," तो चप्पल शोधत म्हणाला.

"पण मी यायचो, तवा खुर्ची आत नेलेली असायची."