बाराशे मैल, तीन तास

पहिला घाव चिमाच्या खांद्यावर बसला. दुसरा बसायच्या आत ती स्वयंपाकघरात शिरली आणि आतून कडी लावली. आता तिचा सख्खा दीर रावजी बाहेरून दारावर कोयतीचे घाव घालत होता.

ओरडून उपयोग नव्हता. शिमग्याची पालखी देवळासमोर सहाणेच्या चौथऱ्यावर नाचत होती, सगळी वाडी तिकडे लोटलेली, आणि ढोल असे की शेजारचं माणूस मेलं तरी कळू नये. हे घर तर बागेच्या पार टोकाला. चिमाही पालखीला जायची होती, पण नवऱ्याने दुकानातल्या फोनवर बजावलं होतं, मी येतोय, घर सोडू नको.

नवरा काशीराम दुबईला वेल्डर. त्याने तिला सगळं समजावलं होतं. दुबई ते मुंबई बाराशे मैल, पण विमानाला जेमतेम तीन तास. पुढे एस्टीत रात्रभर हाडं मोडून घ्यायची नाहीत, मुंबईहून छोटं विमान तासाभरात रत्नागिरीला उतरतं. विमानतळ इथून टेकडीपलीकडेच. चिमाला हसू आलं होतं. तिला माहेरी आंजर्ल्याला जायला अख्खा दिवस मोडायचा.

रावजीला काय हवं होतं, ते वाडीला ठाऊक होतं. चिमाच्या बापाने ही हापूसची बाग लेकीच्या नावावर घेऊन दिली होती. तिला मूलबाळ नाही, म्हणजे तिच्यामागे बाग सासरीच राहायची. वर्षभर रावजी मागे लागला होता, बाग विकू दे. ती म्हणाली, मेले तरी विकणार नाही. माणसाने असं बोलू नये.

"वैनी, दार उघड," रावजी म्हणाला. "गुमान मरशील तर हाल नाय व्हायचे."

विमान मुंबईहून सुटलं असेल, एवढंच चिमा मनाशी घोकत होती. तेवढा वेळ काढला की जिंकली.

फळी फुटली. भोकातून रावजीचा हात कडी चाचपत आत आला. चिमाने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्या बोटांवर हाणला. हाडं मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. मेल्याने गुरासारखा हंबरडा फोडला, पण हटला नाही. लाथांनी दार पाडून तो आत घुसला. चुलीवर काशीरामसाठी कोंबडीचा रस्सा रटरटत होता. चिमाने टोप उचलून त्याच्या तोंडावर ओतला. तो कोसळला, तसा तिने वरवंटा त्याच्या गुडघ्यावर घातला. एकदा, मग पुन्हा.

तेवढ्यात कौलं थरथरली. छोटं विमान घरावरून खाली उतरत गेलं.

चिमा भिंतीला टेकून बसली. खांद्यातून रक्त वाहतच होतं. कोपऱ्यात रावजी कण्हत होता आणि ती त्याच्यावर डोळा ठेवून होती. आता मेला तो, तिला वाटलं. त्याचा भाऊच त्याला उभा चिरील.

शेवटी अंगणात रिक्षा थांबली आणि परत गेली. काशीराम हातात बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या मोडक्या दारात उभा राहिला. त्याला बघून तिला रडू फुटलं.

"वाचले हो मी," ती म्हणाली.

काशीरामने दोघांकडे बघितलं. बॅग खाली ठेवली. मागे जाऊन पुढच्या दाराला कडी घातली आणि परत येऊन जमिनीवरची कोयती उचलली.

"रावज्या," तो म्हणाला, "मी इमानात हाय तवरच हिचा आटपायचा, असा ठरला होता ना आपला?"