लंगडा टाका

दोन शर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. रंग एक, माप एक, कॉलर एक. लेबलं आधीच उसवून काढलेली.

"यातला तुमचा कुठला, मास्टर?" सुपरवायझर बाईंनी विचारलं.

मास्टरना हसू आलं. आईला तिचंच लेकरू ओळखायला सांगावं, तसला प्रकार. पण बाई हसत नव्हत्या. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, एरवी भारी बडबड्या. आज मात्र सकाळपासून ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या. शेवटी एकदाचं सांगून टाकलं. मालकांनी नवं मशीन आणलं होतं, आणि ते हातशिलाई करत होतं, हुबेहूब माणसासारखी. मास्टरनी आपला शर्ट ओळखला तर त्यांचं टेबल राहणार होतं. शिवणाऱ्यालाच आपला हात ओळखू आला नाही, तर गिऱ्हाइकाला काय डोंबल कळणार, असं मालकांचं म्हणणं. मग उद्यापासून मास्टरनी घरी बसायचं.

घरी बसणं म्हणजे काय, ते मास्टर रोज येता-जाता बघत होते. नुसती शिलाईच नाही, सगळीच कामं यंत्रांच्या हाती गेली होती. उपाशी कुणी नव्हतं, पोटापुरतं सरकार घरपोच देत होतं. पण एकेकाळचे ड्रायव्हर, कारकून, गवंडी, सगळे चौकातल्या बाकांवर बसून असायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे एकमेकांची धड चालणारी घड्याळं उघडून बघायचे. सकाळी डबा घेऊन निघणारे गल्लीत एकटे मास्टर. मुलगा म्हणायचा, बाबा, कशाला जीव काढता, सगळेच बसलेत. मास्टर म्हणायचे, मला नुसतं बसता येत नाही रे, मी शिवायलाच बसतो.

कॉलरची आतली कड हातानं शिवायची, एवढंच काम आता माणसासाठी उरलं होतं. मास्टरचे टाके मोत्यासारखे. पण हाताला एक खोड होती. कॉलरीत कुठंतरी एक टाका लांब पडायचा. त्याला कारण समोरची खुर्ची. तिथं त्यांची बायको काजं-बटणं करत बसायची आणि दिवसभर बोलायची. ती "अहो" म्हणायची, मास्टरची मान वर व्हायची, आणि सुई नको तितकी पुढं जायची. वर तीच हसायची, परत लंगडा टाका घातलात म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा, असं मास्टर म्हणायचे. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना तो लंगडा टाकाच आवडायचा. माणसाचा हात त्यावरूनच ओळखू यायचा.

गेल्या वर्षी ती गेली. खुर्चीत आता बटणांचं खोकं ठेवलेलं असतं. कारखान्यात सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारा आता हाय खाणार. पण मास्टर आले, बसले आणि मान खाली घालून शिवायला लागले.

मास्टरनी डोळे मिटले आणि पहिल्या शर्टाच्या कॉलरीच्या आतून बोट फिरवलं. टाके एकसारखे, पट्टी ठेवून मारल्यासारखे. बोट कुठं अडखळलंच नाही. हे तर उघडउघड मशीनचं काम. मग दुसरा शर्ट घेतला. बोट मधोमध पोचलं आणि एक टाका लांब लागला. मास्टरना एकदम भरून आलं. त्या जागी ती काहीतरी बोलली होती. चहा थंड होतोय म्हणाली असेल, नाहीतर पोराच्या काहीतरी कागाळ्या.

"हा माझा," ते म्हणाले. "डोळे मिटून सांगतो."

बाईंनी त्या शर्टाची शिवण उलटी केली आणि आतला शिक्का दाखवला.

"हा मशीनचा आहे, मास्टर. त्याला तुमचेच शर्ट दाखवून शिकवलंय. गोदामातले, जुने. तुम्ही काल शिवलेला शर्ट तो पहिला."

मास्टरनी पहिला शर्ट परत हातात घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही लंगडा टाका नव्हता. इतकं सरळ त्यांनी उभ्या आयुष्यात शिवलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तुम्ही बरोबर ओळखलंत असंच मी मालकांना सांगते. मास्टरनी नको म्हणून मान हलवली. मशीनची काही चूक नव्हती. हाक मारणारंच कुणी उरलं नाही, तर मान वर होणार कशाला?

त्यांनी अंगुस्तान बोटातून काढून टेबलावर ठेवलं. जाण्याआधी ते मशीन बघता येईल का, एवढंच विचारलं. मग खोकं खाली ठेवून बायकोची खुर्ची उचलली आणि बाईंच्या मागोमाग पलीकडच्या खोलीत गेले.

मशीन म्हणजे एक बारीक पोलादी हात आणि एक सुई. हात कॉलरीवरून भराभर चालला होता. मध्येच तो थबकला आणि किंचित वर उचलला गेला. एक टाका लांब पडला. मग हात पुन्हा खाली वाकला आणि कामाला लागला.

मास्टर खुर्ची टाकून त्याच्या समोर बसले. बाई दारातच थांबल्या. पुढची कॉलर आली, सुई चालू लागली. मधोमध पोचायच्या जरा आधी मास्टर पुढं वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अहो."