दोन मिनिटांचा रोल

"अवं, माहा रोल दोनच मिनिटाचा हाय," इंद्रजित तिसऱ्यांदा म्हणाला.

वर्षानं बॅगेत चौथी साडी कोंबली. साडेअकराच्या बसनं ती माहेरी, बोरी अरबला निघाली होती. नवरा-बायकोची भांडणं एरवी गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, व्हायची आणि दहा मिनिटांत मिटायची. आज वर्षा मराठीत बोलत होती. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

प्रकरण असं. दिवाळीनंतर कळंबकडच्या एका फार्महाउसवर पुण्याची मंडळी शूटिंगला आली होती. मोबाइलवरच्या कुठल्याशा मराठी अ‍ॅपसाठी पंचवीस मिनिटांचा सिनेमा, फक्त प्रौढांसाठी. इंद्रजितचा ऑटो सामान वाहायला लावला होता. नवऱ्याचं काम करणारा नट आलाच नाही आणि दिग्दर्शकाची नजर इंद्रजितच्या मिशीवर पडली. काम सोपं होतं. बायकोनं वाढलेलं जेवायचं, ताट उचलून मोरीत ठेवायचं, डबा घ्यायचा आणि म्हणायचं, "येतो मी. तू जेवून घे, उपाशी राहू नकोस." मग निघून जायचं. पुढे काय होतं ते विचारणं नवऱ्याच्या कामात बसत नव्हतं.

पुढे व्हायचं ते असं, की बायको दारातून म्हणायची, "सावकाश या, घाई नाही." मग ती कडी लावायची आणि बांगड्यांवर बोट फिरवत वीसपर्यंत आकडे मोजायची. विसाव्या आकड्याला मागच्या दारावर थाप पडायची. थापेनंतरचं इथं सांगत नाही. सिनेमाचं नावही सांगत नाही, वाचक लगेच शोधायला लागतील.

इंद्रजितनं घरी सांगितलं होतं, बियाण्याची जाहिरात आहे. मग सिनेमा आला. तांड्यात पैसे एकानंच भरले आणि पाहिला सगळ्यांनी. भरले कुणी, हे अजून बाहेर आलेलं नाही. इंद्रजितची आई बिजलीबाई हिनंही शेजारच्या फोनवर पाहिला आणि मुलगा दाराबाहेर गेल्याबरोबर फोन परत केला. "माह्या पोराले लवकर काढून टाकलं," एवढीच तिची तक्रार होती.

वर्षानं मात्र पूर्ण पाहिला. दोनदा.

"त्या बाईचं अन् माहं काईच नाई," इंद्रजित काकुळतीला आला. "मी बाहेर ऑटोत बसून चहा पेत होतो. नंतरचं तं मीबी तुह्यासारखंच मोबाइलवर पाह्यलं."

"नंतरचं कोन म्हणून राह्यलं?" वर्षानं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली. "मी तुमच्याच दोन मिनिटाचं म्हणून राह्यली. तिचं ताट उचललं तुमी! तिले जेवून घे म्हणलं! अकरा वर्षं झाले लग्नाले, मले कधी म्हणलं? जाताना कधी येतो तरी म्हणलं? डबा उचलला का चालले!"

परक्या बाईबद्दलची सगळी उत्तरं इंद्रजित सकाळपासून घोकत होता. ताटाबद्दल कुणी विचारेल असं त्याच्या डोक्यातही नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली. आणि ही गेली तर घर खायला उठेल, हेही त्याला तिथल्या तिथं कळलं.

"डिरेक्टरनं सांगतलं म्हणून केलं वं," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"असं काय?" वर्षानं बॅग सोडली. "मंग आता मी सांगते. बसा जेवाले."

तो बसला. तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तो मुकाट्यानं जेवला. उठताना ताट उचललं, मोरीत नेलं आणि घासूनही टाकलं, जे सिनेमात नव्हतं. मग डबा घेऊन तो दारात थांबला.

"येतो मी," तो म्हणाला. कॅमेऱ्यापुढे हे वाक्य त्याला सात वेळा म्हणावं लागलं होतं. इथं ते पहिल्याच खेपेला मनापासून निघालं. "तू जेवून घे वं. उपाशी नको राहू."

वर्षानं डोक्यावरचा पदर सारखा केला. पायानं बॅग पलंगाखाली सरकवली. इंद्रजितनं ते पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"सावकाश या," ती म्हणाली. "घाई नाई."

इंद्रजितनं खुशीत ऑटो काढला. लोक हात करत होते, तोही करत होता. तांड्याच्या विहिरीपर्यंत तो गाणं गुणगुणत गेला. तिथं त्याला वर्षाचं ते शेवटचं वाक्य आठवलं आणि गाणं घशातच राहिलं. त्यानं ऑटो तिथंच टाकला आणि कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या तुडवत तो घराच्या मागल्या बाजूला पळत सुटला.

इकडे घराच्या पुढच्या दाराला कडी लागली होती. वर्षानं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि मागच्या दाराजवळ पाट मांडून ती जेवायला बसली. एकेक घास मोजत ती सावकाश जेवत होती. पंधरा झाले. सोळा झाले. सतरा झाले.

अठराव्या घासाला मागच्या दारावर थाप पडली.

तिनं दार उघडलं. दारात इंद्रजित उभा होता. त्याला धाप लागली होती, एक चप्पल शेतातच राहिली होती, आणि तो तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहत होता. आत फक्त एक ताट होतं.

"अहो," घास गिळत वर्षा म्हणाली, "तुमचा रोल तं दोनच मिनिटाचा होता ना?"