न्हाणीची खिडकी
अर्धांगवायू झाल्यापासून यांना आंघोळ मीच घालते. समोर टॉवर उभा राहिला तेव्हा यांनी मुलाकडून बाथरूमच्या खिडकीला खिळा ठोकून घेतला. मग पनवेलचा पावसाळा आतच मुक्कामाला राहिला. ब्लीचिंग पावडरने घासलेली काळी बुरशी आठवड्यात पुन्हा छतावर दिसे, आणि यांची धाप वाढत गेली. डॉक्टर म्हणाले, "नुसतं घासून भागणार नाही, वारा येऊ द्या." आज दिवेलागणीला गरम पाण्याच्या वाफेत यांना श्वासच मिळेना. मी पक्कड आणून खिळा उपसला. "उघडू नको! बायको न्हाऊ घालते, लोक बगतील." "अवो, मिठागरातून येऊन विहिरीवर लंगोटीत न्हायचात, अख्खा गाव बगायचा." "तवा माजा हात चालायचा." मी दिवा घालवला, खिडकी उघडली. वारा आत शिरला. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, "मानेवर बी पानी घाल."